आर.व्ही. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज धरलेली असते. मग ती कशीही वापरावी का?

मृण्मयी_डेन्व्हर :

नमस्कार मंडळी,

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही डेन्व्हरहून ३० फुटी आर.व्ही. (झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासाची गाडी) भाड्याने घेऊन युटामधील मोआबला गेलो होतो. सोबत दोन मुले आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे होते. आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी मिळत नाही आणि पारा चाळिशीला टेकलेला असताना सत्तरी ओलांडलेल्या माणसांना एसीविना ठेवायला आमचे मन धजेना. म्हणून गावाजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये ३० ॲम्पिअरच्या जोडणीची जागा चार रात्रींसाठी घेतली. भाडे रात्रीला ८० डॉलर होते आणि वीज, पाणी व सांडपाण्याची सोय त्यातच धरलेली होती.

पहिल्याच सकाळी उद्यानात निघताना आमच्यात मतभेद झाला. सासऱ्यांची सारी नोकरी आधी वीज मंडळात आणि नंतर महावितरणमध्ये गेली. खोलीबाहेर पडताना बटण बंद करणे त्यांच्या हाताच्या वळणातच आहे. त्यांनी एसी बंद केला. नवऱ्याचे म्हणणे असे की पैसे भरलेले आहेत, संध्याकाळी मुले थकून येतील, गाडी थंडगार असलेली बरी. म्हणून त्याने तो ६८ अंश फॅरनहाइटवर पुन्हा सुरू केला. मी हिशेब केला. छतावरचा १३,५०० बीटीयू (उष्णतेचे एकक) क्षमतेचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॅट खातो. त्या उन्हात कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही असे धरले, तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या दहा तासांत १५ युनिटे होतात. २०२४ मध्ये अमेरिकेतील घरगुती विजेचा सरासरी दर युनिटला साडेसोळा सेंटच्या आसपास होता, म्हणजे दिवसाचे अडीच डॉलर. ८० डॉलर भाड्यापुढे ही रक्कम एवढीशी दिसल्यामुळे मी वाद वाढवला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही पाचच्या सुमारास परतलो तेव्हा एसीतून नुसताच घुमल्यासारखा आवाज येत होता, थंड हवा नव्हती, आणि मायक्रोवेव्ह लावताच दिवे मंदावत होते. शेजारच्या ट्रेलरचे दार घडीच्या खुर्चीने अडवून उघडे ठेवलेले होते, आत एसी पूर्ण जोरात चालू होता, छज्ज्याखालची दिव्यांची माळ भर उन्हात पेटलेली होती, आणि तिथे माणूस एकही नव्हता. सासरे बाहेर जाऊन, गाडीचा प्लग जिथे लावतात त्या आमच्या जागेवरच्या विजेच्या खांबापाशी उभे राहिले आणि मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, याला हात लावून बघ." प्लग चटका बसावा इतका तापला होता आणि तो उपसून पाहिला तर एका पट्टीच्या भोवतीचे प्लॅस्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते. ते एवढेच म्हणाले, "ही आपल्याकडच्या शेतातल्या डीपीचीच गोष्ट आहे. सगळे पंप एकदम चालले की व्होल्टेज पडते आणि मोटार जळते; जळते ती मात्र कुणा एकाचीच."

तेव्हापासून हे मनातून जात नाही. अडीच डॉलरच्या हिशेबात माझ्याकडून काही सुटले आहे का? तो प्लग आमच्या वापरामुळे तापला की शेजाऱ्यांच्या? आणि भाड्यात धरलेली वीज रिकाम्या गाडीत जाळणे आपल्याला योग्य वाटते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

तारामापक :

मृण्मयीताई, आपल्या सासऱ्यांनी एका वाक्यात जे सांगितले तेच मी थोडे विस्ताराने सांगतो. मी ओहायोत विद्युत अभियंता म्हणून काम करतो आणि गेली नऊ वर्षे आमचा स्वतःचा ट्रेलर आहे.

प्रथम प्लगविषयी. तो तापण्याचे कारण बहुधा आपल्याच जागेवर होते, शेजाऱ्यांकडे नव्हे. कॅम्पग्राउंडच्या खांबावरील सॉकेटमध्ये दर दोन-चार दिवसांनी नवा पाहुणा प्लग खुपसतो आणि उपसतो, त्यामुळे आतल्या पट्ट्यांची पकड सैल होत जाते. सैल जोडणीत रोध वाढतो. २० ॲम्पिअर प्रवाह वाहत असताना तिथे केवळ ०.१ ओहम रोध असला तरी ४० वॅट उष्णता निर्माण होते; तारा डाख देऊन जोडण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) साधारण तेवढ्याच शक्तीची असते, म्हणजे प्लॅस्टिक तपकिरी होण्यात नवल नाही. यात आपला वापर कुठे येतो ते पाहा. एसीचे १३-१४ ॲम्पिअर, पाणी तापवण्याची टाकी विजेवर ठेवली असेल तर तिच्या १४४० वॅटच्या कांडीचे १२ ॲम्पिअर, आणि फ्रिज गॅसऐवजी विजेवर असेल तर त्याचे आणखी ३. इतक्यातच बेरीज २९ वर गेली. ३० ॲम्पिअरच्या ब्रेकरवर तासन् तास चालणारा भार ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४ ॲम्पिअरपर्यंत ठेवावा असा संकेत आहे. भाड्याच्या गाड्यांत टाकीचे विजेचे बटण आधीच्या प्रवाशाने चालू ठेवलेले असते आणि नव्या माणसाच्या ते गावीही नसते. आपण रिकामी गाडी थंड करत होतात त्या दहा तासांत कदाचित कुणीही न वापरलेले पाणीसुद्धा तापत होते. एकदा अवश्य आठवून पाहा.

आता व्होल्टेजविषयी, आणि ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ५५१ व्या अनुच्छेदात कॅम्पग्राउंडची मुख्य वाहिनी किती क्षमतेची असावी याचे कोष्टक दिलेले आहे. ३० ॲम्पिअरची एक जागा ३६०० व्होल्ट-ॲम्पिअरची धरली जाते. परंतु सगळे लोक एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत हे गृहीत धरून ३६ किंवा अधिक जागा असतील तर एकूण बेरजेच्या ४१ टक्के क्षमता पुरेशी मानली जाते. गुणाकार करून पाहा. जागेमागे १४७६ येतात, म्हणजे छतावरचा एक एसी आणि त्यापलीकडे जवळपास काहीच नाही. हा किमान निकष आहे आणि सुज्ञ मालक त्याहून जाड केबल टाकतात, पण जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये आपल्या खांबावरचे ३० ॲम्पिअर हे शेजाऱ्याच्या संयमावर उभे असतात, ही वस्तुस्थिती आहे. उन्हाळ्यातील संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या गाड्यांतले एसी चालू, परतलेल्या लोकांचे एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह आणि गीझर सुरू झाले की ओळीच्या शेवटच्या खांबावर १२० चे १०५ व्होल्ट होताना मी स्वतः पाहिले आहे. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटार सुरू होण्यासाठी धडपडते, अधिक प्रवाह ओढते आणि तापते. आपण ऐकलात तो घुमण्याचा आवाज हाच.

भाड्याची गाडी असली तरी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर जवळ ठेवावा. १०८ च्या खाली आकडा गेला की एसी बंद करावा. स्वतःची गाडी असेल तर व्होल्टेज १०४ च्या खाली जाताच पुरवठा तोडणारे रक्षक यंत्र घेण्यात काटकसर करू नये.

---

नीलकंठ_ह्यूस्टन :

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. मालकाने भाडे ठरवताना विजेचा खर्च धरलेला असतो आणि आपण तो आगाऊ भरलेला असतो. पाहुण्याने त्यासाठी मनात अपराधी भावना बाळगावी असे मला वाटत नाही. दुसरे असे की आर.व्ही.ची भिंत जेमतेम दीड-दोन इंच जाडीची असते. टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी बंद करून गेलो तर आतले तापमान बाहेरच्याही पुढे जाते, आणि तो एकटा एसी रात्री नऊपर्यंत धापा टाकत राहतो. आमच्यासोबत कुत्रा असतो. माझ्या आईचे इन्सुलिन असते, ते ३० अंश सेल्सिअसच्या वर ठेवता येत नाही. ज्यांच्याकडे ही कारणे आहेत त्यांना "बंद करून जा" असे सरसकट सांगणे धोक्याचे ठरेल, एवढे कृपया लक्षात घ्यावे.

---

वाटसरू :

नीलकंठ यांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि पहिला मुळीच मान्य नाही. कुत्र्यासाठी, औषधासाठी, आजारी माणसासाठी चालणारा एसी हा वापर आहे. त्याला उधळपट्टी कुणी म्हणू नये. उघड्या दारातून वाळवंट थंड करणारा एसी ही उधळपट्टी आहे. या दोहोंना एकाच तागडीत घालू नये.

मी आणि माझे यजमान निवृत्तीनंतर तीन वर्षे पूर्णवेळ आर.व्ही.त राहिलो, त्यामुळे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातला प्रकार अधिक जवळून पाहिला आणि तो मला जास्त सलतो. आर.व्ही.ला आतून ऊब देणारी तिची स्वतःची भट्टी प्रोपेन गॅसवर चालते आणि प्रोपेनचे सिलिंडर आपल्या खिशातून भरावे लागते. वीज मात्र भाड्यात. म्हणून कित्येक जण १५०० वॅटचे दोन-दोन विजेचे हीटर रात्रंदिवस चालवतात आणि "या महिन्यात गॅसचा एक थेंबही जळला नाही" असे अभिमानाने सांगतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. यात प्रत्यक्षात किती वाचते याचा मी एकदा वहीत हिशेब मांडला होता. एक गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता असते. भट्टीतून चौथा हिस्सा धुराड्यावाटे गेला असे धरले तरी उरलेली उष्णता २० युनिट विजेएवढी होते. २० युनिटांचे साडेसोळा सेंटप्रमाणे तीन डॉलर तीस सेंट झाले, आणि आम्ही गॅस साधारण साडेतीन डॉलर गॅलनने भरत होतो. म्हणजे एकूण खर्च जवळपास तेवढाच होता; फक्त तो आपल्या खिशातून जाण्याऐवजी कॅम्पग्राउंडच्या मालकाच्या खिशातून जात होता. बचत झालेलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. पुष्कळ गाड्यांत भट्टीची गरम हवा तळातल्या पोकळीतही जाते आणि तिथल्या पाण्याच्या नळ्या व टाक्या गोठण्यापासून वाचतात. विजेचा हीटर फक्त खोली तापवतो. न्यू मेक्सिकोत आमच्या शेजारच्या जोडप्याने तीन रात्री भट्टी लावलीच नाही. चौथ्या सकाळी त्यांची नळी फुटली आणि बिचारे दिवसभर गाडीखाली ओल्या मातीत पडून होते. त्यांचे हाल पाहून वाईटच वाटले. त्याचा खर्च हिवाळाभराच्या गॅसपेक्षा जास्त आला.

थंडीत थोडा वेळ, सकाळी अंग शेकण्यापुरता हीटर आम्हीही लावत असू. त्यात मला गैर वाटत नाही.

---

हिशेबनीस_ऑस्टिन :

मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि सुमारे ६० जागांच्या एका कौटुंबिक कॅम्पग्राउंडचे हिशेब काही वर्षे माझ्याकडे होते, म्हणून मालकाच्या बाजूने पाहिलेले सांगते. "मालकाने धरलेले असते" हे नीलकंठ यांचे वाक्य खरे आहे. परंतु तो काय धरतो हे पाहावे लागेल. तो गेल्या वर्षीच्या बिलाला पाहुण्यांच्या रात्रींनी भागतो आणि येणारा आकडा पुढच्या वर्षीच्या भाड्यात मिळवतो. म्हणजे उघड्या दाराच्या ट्रेलरचे बिल पुढच्या उन्हाळ्यात तंबूएवढ्या छोट्या गाडीतून एकटी फिरणारी निवृत्त शिक्षिका भरते.

मृण्मयीताई, अडीच डॉलरच्या हिशेबात काय सुटले असे आपण विचारले आहे. मागणी आकार सुटला. आपल्या घरच्या बिलात मुख्यतः युनिटांचे पैसे असतात. व्यावसायिक ग्राहकाच्या बिलात युनिटांखेरीज एक वेगळी ओळ असते: महिन्यातल्या ज्या १५ मिनिटांत सर्वाधिक भार घेतला गेला, त्या किलोवॅटवर लागणारा आकार. समजा हा आकार किलोवॅटमागे १० डॉलर आहे आणि एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ४० एसी एकदम चालले. दीड किलोवॅटप्रमाणे ६० किलोवॅट झाले आणि त्या पाव तासासाठी महिनाभराचे ६०० डॉलर लागले, मग उरलेला महिना पाऊस पडून सगळे एसी बंद राहिले तरीही. त्या ४० पैकी १३-१४ गाड्या रिकाम्या असतील आणि त्यांचे एसी थांबलेले असते, तर त्यातले २०० डॉलर वाचले असते. आपल्या एका गाडीचा त्या पाव तासातला वाटा पाहिला तर तो १५ डॉलर येतो, अडीच नव्हे.

मीटर का लावत नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्यांच्या खांबाला बहुतेक ठिकाणी मीटर असतोच, आणि तिथे वापर कसा चटकन उतरतो हे मी वह्यांमधून पाहिले आहे. रात्रीच्या पाहुण्यांसाठी मात्र रोज सकाळी अकरा वाजता साठ मीटर वाचून साठ पावत्या करणे लहान कुटुंबाला झेपत नाही. शिवाय वीज पुन्हा विकण्याबाबत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. ५० ॲम्पिअरच्या खांबावर रात्रभर मोटार भरली तर ६०-७० युनिटे सहज जातात, त्यामुळे अनेक कॅम्पग्राउंडने त्यासाठी वेगळे शुल्क ठेवले आहे किंवा ते मुळातच मना केले आहे. ज्या मालकांकडे मी काम करत होते ते नवरा-बायको पाहुण्यांना काहीच बोलत नसत. दुपारी फेरी मारताना उघडी दारे दिसली की बाई स्वतः ती हलकेच लोटून घ्यायच्या, एवढेच.

---

तारामापक :

हिशेबनीस यांच्या माहितीला एक जोड देतो. एसी पूर्ण बंद करून सगळेच पाच वाजता परतले आणि सगळ्यांनी एकदम सुरू केला, तर शिखर भार तोच राहतो. आपल्या गावाकडे वीज आल्याबरोबर ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकाच क्षणी उचलतात आणि डीपी बसते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मी निघताना एसी बंद करत नाही, ८२ ते ८४ अंश फॅरनहाइटवर ठेवतो. गाडीत प्राणी किंवा औषध नसेल तरीही. फ्रिजला त्रास होत नाही, कॉम्प्रेसर मधूनमधून विसावतो, आणि परतल्यावर गाडी अर्ध्या तासात निवते. सोबत दोन कामे करावीत. छतावरच्या १४ इंची झरोक्यांत फोमची उशी बसवावी, कारण दुपारचे सर्वाधिक ऊन तिथूनच आत उतरते. पश्चिमेकडच्या काचांना आतून चकाकणारे पत्रे लावावेत. जागा निवडायला मिळत असेल तर छज्जा दुपारनंतर सावली देईल अशी दिशा मागून घ्यावी. आरक्षण करताना फोनवर विचारले तर लोक आनंदाने सांगतात.

पाणी तापवण्याची टाकी सकाळी लवकर अर्धा तास विजेवर चालू करावी आणि आंघोळी उरकल्या की बंद करावी.

---

नीलकंठ_ह्यूस्टन :

मागणी आकाराची बाब मला खरोखरच ठाऊक नव्हती. माझ्या पहिल्या मुद्द्याचा मी पुनर्विचार करीन. ८२ अंशांवर, म्हणजे २८ सेल्सिअसवर, इन्सुलिनही सुरक्षित राहते आणि आमच्या कुत्र्यालाही चालते, तेव्हा ६८ वर ठेवण्याचे कारण माझ्याकडे उरत नाही.

---

मृण्मयी_डेन्व्हर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारामापक यांचा अंदाज बरोबर ठरला. नवऱ्याने मोआबला काढलेल्या फोटोंत गाडीच्या आतल्या नियंत्रण फलकाचा एक फोटो सापडला, आणि त्यात पाण्याच्या टाकीचे विजेचे तांबडे बटण चालू स्थितीत स्पष्ट दिसते आहे. चारही दिवस ते तसेच असणार.

त्या संध्याकाळी आम्ही तपकिरी प्लग मालकांना दाखवला होता. त्यांनी लगेच खांबाचा ब्रेकर पाडून सॉकेट बदलून दिले आणि आमच्या केबलचे टोक पाहून गाडी भाड्याने देणाऱ्यांना कळवायला सांगितले, तसे आम्ही कळवलेही. जुने सॉकेट सासऱ्यांनी मागून घेतले, आतल्या सैलावलेल्या पट्ट्या मुलांना उघडून दाखवल्या आणि हा डाग कसा पडला ते समजावले.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही पुन्हा आर.व्ही. घेऊन कोलोरॅडोतील प्वेब्लोजवळच्या एका कॅम्पग्राउंडला गेलो. या वेळी नवऱ्याने आपणहून एसी ८३ वर लावला, टाकीचे बटण बंद केले आणि झरोक्यात उशी बसवली. बाहेर ९६ अंश होते. सव्वापाचला परतलो तेव्हा गाडीत ८४ होते आणि मुलांची सरबते होईपर्यंत ७६ झाले. सासरे आल्या आल्या व्होल्टमीटरपाशी गेले. आकडा ११७ होता. पावणेसहाला, शेजारच्या सगळ्या गाड्या परतल्यावर, त्यांनी पुन्हा पाहिला, तेव्हा ११४ होता, आणि मग ते निश्चिंत मनाने खुर्ची घेऊन बाहेर बसले.